नानांचा भाडेकरू

हिराजी नाना सदऱ्याची डावी बाही कधी घालत नसत. उजवा हात बाहीत, डावी बाही पाठीवर लोंबती आणि डावी बरगडी उघडी. शिरवण्यातल्या त्यांच्या इमारतीत मी भाड्याने राहायला गेलो, तेव्हा मला वाटलं, माणूस कपडे घालता घालता दार उघडायला आलाय.

त्यांना नागीण होऊन गेली होती. फोड सुकले, पण बरगडीवरची नस जळत राहिली. मऊ सुती कापडही निखाऱ्यासारखं लागे. या दुखण्याला नाना ‘भाडेकरू’ म्हणत. “तुमी निदान अकरा महिन्यांनी सही तरी करता. ह्यो न इचारता घुसला, आनि निंगायचा नाव नाय.”

त्यांची नात प्राची लहानपणी त्यांच्या डाव्या खांद्यावर झोपायची. आता ती उजवीकडे, हातभर अंतर राखून बसे. तिचं लग्न ठरलं आणि नाना धास्तावले. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. सगळं गाव अंगाला हळद फासणार.

“मी वरच्या खोलीत बसंन,” नाना म्हणाले.

“बसा. मग मी पण वर येते. हळद जिन्यात लावू.”

शेवटी तीच त्यांना वाशीच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. सोबतीला मी. आत कारंजं, मंद दिवे आणि भिंतीवर ‘अंतर्मनाचा प्रवास’. औषध मात्र भूल देण्याचं जुनंच, शिरेतून अगदी कमी मात्रेत. त्यात माणूस जागा राहतो, पण स्वतःच्या शरीरापासून जरा लांब जातो. नस बरी होईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. ते मला कारंज्यापेक्षा आवडलं.

“डोल्यांवर पट्टी, कानात बासरी,” नाना पुटपुटले. “प्रवास बोलतात आनि उठू देत नाय.”

पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी हळुवार आवाजात विचारलं, “काय दिसलं?”

“आमचा मिठागर. भाडेकरू बांधावर बसलेला, पाय पसरून.”

डॉक्टर खुलले. मिठाचा, पाण्याचा, बांधाचा अर्थ सांगू लागले. नानांनी सगळं ऐकून घेतलं. “दाक्तर, त्यो तिकडं बसला व्हता, मी हिकडं. एवढाच.”

आणखी काही खेपा झाल्या. दुखणं गेलं नाही. नाना त्याच्याशी भांडायचे मात्र थांबले.

हळदीला ते दोन्ही बाह्या घालून, बटणं लावून मांडवात बसले. कपाळावर घाम होता. बायका उजव्या गालाला बोट लावून पुढे सरकत होत्या. पिवळीजर्द प्राची आली, तिनेही हात उजवीकडेच नेला. नानांनी तो धरला, सदऱ्याची बटणं सोडली आणि डाव्या बरगडीवर टेकवला. त्यांचे डोळे मिटले, श्वास अडकला.

“दुखतंय ना, नाना?”

“दुखतंय. पन इतकी वर्षं राहिला, म्हंजे घरातलाच झाला. त्याला पन लाव गो हलद.”