धावायचं नाही

श्यामकांत दात्यांनी स्वतः जन्मात कधी चेंडूला लाथ मारली नव्हती. केंद्र सरकारच्या कचेरीत फायली सरकवणारा माणूस. पण दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत केबल आली आणि परदेशी सामने बघता बघता हे फुटबॉलमधले शहाणे झाले. आपली पोरं नुसती गुरांसारखी पळतात, चेंडू काबूत ठेवायला कुणी शिकवतच नाही, हे त्यांचं निदान. निदान खोटं नव्हतं हो. पण औषध पाजलं ते पोटच्या पोरीला, आणि तेही नाक दाबून.

केतकी दहा वर्षांची होती आणि वाऱ्यासारखी पळायची. शाळेतल्या खेळाच्या प्रमोदिनीबाई मुद्दाम घरी आल्या. म्हणाल्या, "चारशे मीटरसाठी हिला माझ्याकडे द्या."

"पळायला काय, म्हशीसुद्धा पळतात," श्यामकांत म्हणाले. बाईंना चहासुद्धा विचारला नाही.

मग चार वर्षं सोसायटीच्या मागची भिंत. रोज दोन तास चेंडू भिंतीवर मारायचा, परत आला की पायाखाली थांबवायचा. दोन पावलं जास्त पडली की पाठीत धपाटा. "धावायचं नाही. धावलीस की डोकं बंद पडतं." शाळेत शर्यती असल्या की तिला घरी ठेवायचे. केतकी आधी रडायची, मग तेही सोडलं. संघात निवड झाली की बाबा पळू देतील, एवढंच मनाशी धरून बसली बिचारी.

सत्त्याण्णव साली दिल्लीच्या मुलींच्या संघाची निवडचाचणी झाली. केतकीच्या पायाला चेंडू असा चिकटला की बाकीच्या मुली खेळायचं सोडून बघत राहिल्या. श्यामकांतांची छाती फुगली. मग सामना लावला. समोरची मुलगी चेंडू घेऊन सुटली, केतकी मागे लागली आणि अर्ध्या मैदानातच धापा टाकत थांबली. पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

निवड करणारे हरीशजी श्यामकांतांकडे आले. "भाईसाहब, बच्ची के पैर में कमाल है. लेकिन दम नहीं. कभी दौड़ाया नहीं क्या? ऐसा है तो रख लेता हूँ, दो महीने में बन जाएगी."

‘मीच पळू दिलं नाही,’ एवढंच श्यामकांतांनी म्हणायचं होतं. केतकी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बाबांच्या तोंडाकडे बघत होती.

"नहीं साहब," श्यामकांत म्हणाले, "मैंने तो बहुत कोशिश की. बचपन से ही सुस्त है."

हरीशजींनी यादीतलं नाव खोडलं. केतकी खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.