धरायला दिलेली दुर्बीण

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. चौथीनंतर लिहायची वेळ वाणसामानाच्या यादीपुरतीच आली. हे कोणी वाचणार नाही, तरी कोणाच्या हाती लागलंच तर माफ करा.

मी कळव्याला राहते आणि कोलशेतच्या एका मोठ्या सोसायटीत स्वयंपाकाची कामं करते. तिथल्या एका मॅडमना पक्षी बघायचा नाद. सुट्टीच्या दिवशी त्यांचा ग्रुप कुठे कुठे जातो. मी पोळ्या लाटत असले की त्या मोबाइलवर फोटो दाखवायच्या. खाडीतले फ्लेमिंगो मी पुलावरून पाहिलेले, पण लांबून, नुसती गुलाबी रेघ. फोटोत चोच दिसली. वाकडी, टोकाला शाईत बुडवल्यासारखी काळी. ती मला खरी बघायची होती. एवढं बोलायला मला दोन हिवाळे लागले.

मॅडम म्हणाल्या, ये की, बोटीचे पाचशे असतात, ते मी भरते. मी नको म्हटलं. त्यांच्या पैशाने गेले असते तर कामाला गेल्यासारखं झालं असतं. पगार झाल्यावर पाचशे त्यांच्या हातात दिले. नवरा म्हणाला, "खाडीच्या काठाला राहतेस आणि खाडी बघायला पाचशे देतेस? वास तर फुकट येतो." मलाही हसू आलं.

जायच्या दिवशीच मॅडमच्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. मॅडमनी फोन करून सांगितलं, माझं काही जमत नाही, तू जा, ग्रुपवर मेसेज टाकते तू येतेयस म्हणून. मी एकटीच जेट्टीवर गेले. लग्नकार्याला नेसते ती साडी नेसलेले. बाकी सगळे मातकट रंगाच्या कपड्यांत, डोक्याला टोप्या. बँकेतून निवृत्त झालेले काका, डॉक्टर नवरा-बायको, घोडबंदर रोडची कंपन्यांतली मुलं-मुली. बोलणं अर्धं इंग्रजीत. ग्रुप चालवणाऱ्या सरांनी मला मॅडमच्या घरी पाहिलेलं. ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "मॅडम नाही येऊ शकल्या, पण बघा, आपल्या मदतीला मावशींना पाठवलंय."

मावशी. सोसायटीत वॉचमनपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे मला मावशीच म्हणतात. कधी वाईट वाटलं नव्हतं. पण त्या बोटीत माझ्या वयाच्या बायका होत्या, माझ्याहून मोठ्याही होत्या. त्या ताई होत्या, मॅडम होत्या. मावशी म्हटलं की तिच्या हातात काहीतरी द्यायचंच असतं. आधी पोह्यांचा डबा आला, मग चहाचा थर्मास. मी पैसे भरून आलेले, तरी डबा उघडला. मी कागदी प्लेटांत पोहे वाढायला लागले.

पक्षी जवळ आले तसं बोटवाल्याने इंजिन बंद केलं. सगळे गप्प झाले. दुर्बीण या हातातून त्या हातात फिरत होती. माझ्या शेजारच्या बाईंनी पोटभर बघून घेतलं आणि फोटो काढायला गळ्यातला कॅमेरा उचलला.

"मावशी, ही जरा धरा. काचेला हात लावू नका हं."

दुर्बीण माझ्या हातात होती. चांगलीच जड होती. समोर ते माना चिखलात घालून चरत होते. नुसती डोळ्याला लावायची होती. कोणी ओरडलंही नसतं बहुतेक. पण ती मला धरायला दिलेली, बघायला नाही. मी ती मांडीवर घेऊन बसले, काचेला बोट न लावता. मग बाईंनी ती परत घेतली आणि बोट वळली.

परतताना कॉलेजातली एक मुलगी सगळ्यांना प्रश्न विचारत होती. पक्षी बघायला कोण कोण येतं, याचा तिला अभ्यास करायचा होता. वय काय, शिक्षण किती, काम काय करता, पहिल्यांदाच आलात का. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली. चौथी सांगायची लाज वाटत होती, तरी सांगायचं ठरवलं. तिने माझ्या अलीकडच्या बाईंना विचारलं, पलीकडच्या काकांना विचारलं, मग माझ्यावरून आणि बोटवाल्यावरून नजर फिरवून मोबाइल पर्समध्ये टाकला. "झाले सगळे," म्हणाली.

आता तिच्या अभ्यासात येणार की शिकलेले लोकच पक्षी बघायला येतात, आमच्यासारख्यांना त्याची आवड नसते. वाचणारे माना डोलावणार.

मॅडमनी विचारलं तेव्हा मी छान होतं म्हटलं. पुढे कधीतरी त्या सरांना कळलं की माझेही पैसे घेतलेत. मदतीला आलेल्या बाईकडून पैसे घेतले, हे त्यांच्या मनाला लागलं. देतो देतो करत पावसाळा आला. मग एक दिवस मॅडम पाकीट घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"त्यांना फार वाईट वाटलं गं. सगळे परत दिलेत."

मी म्हटलं, "मॅडम, मी बघायला गेलेले."

"अगं हो, मला माहितीये ना. पण आता घे, नाही म्हणू नकोस. त्यांना बरं वाटेल."

माझे हात कणकेचे होते. ते धुतले, पदराला पुसले आणि पाकीट घेतलं. आत पाचशेची कोरी नोट होती. पैसे पूर्ण परत मिळाले.