तळपायावरची टिचकी

आमच्या तंजावरच्या नवजात बाळांच्या वॉर्डात किस्से शोधावे लागत नाहीत. एकवीस वर्षं मी तिथे नर्स आहे. घडताना नुसती धावाधाव, हसू फुटतं ते बाळ घरी गेल्यावर. कधी तेव्हाही फुटत नाही.

पापनाशमची एक पाट्टी, म्हणजे आजी. नात वेळेआधी आलेली, जेमतेम नऊशे ग्रॅम. "मोठ्यानं सांगूं नको, तिरुष्टि लागेल," म्हणत ती माझ्या तोंडावर हातच ठेवायची. वजन वाढलं, तरी दृष्टीच्या भीतीनं खाली बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सुनेला रोज कमी करून सांगायची. बाळ झिजतंय असं समजून सुनेनं जेवण टाकलं, दूध आटलं. मला हे चौथ्या दिवशी कळलं. मी सुनेला वर आणून तिच्यासमोर बाळाचं वजन केलं. पाट्टी भिंतीकडे तोंड करून उभी!

तिरुवैयारुचे एक गाण्याचे मास्तर, नुकतेच बाप झालेले. उबेसाठी बाळ उघड्या छातीशी देऊन त्यांना बसवलं होतं. धक्का लागेल म्हणून ते हलेनात, बोलेनात. एकाएकी त्यांची मान कलली. आम्ही धावत जाऊन बाळ उचललं. बाळाचा श्वास व्यवस्थित होता, मास्तरांनीच आपला रोखून धरलेला!

वेळेआधी आलेली बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. मॉनिटर ओरडतो, आमची सीनियर सेल्वी तळपायावर टिचकी मारते, बाळ दचकून श्वास घेतं. डिस्चार्जच्या दिवशी एका आईनं तिला विचारलं, "घरी हे मशीन कुठे आहे?" सेल्वीनं माझ्याकडे बघितलं. मला तर उत्तर आजही सुचलेलं नाही.

कारण माझा मुलगा गणेशही तिसाव्या आठवड्यात जन्मलेला. मॉनिटर काढला त्या दिवसापासून मीच त्याचा मॉनिटर. दमा झाला, जाड चष्मा लागला, बोलायलाही उशिरा लागला. पण मी भ्यायले ती एकाच गोष्टीला. दुपारी त्याचा डोळा लागला की तळपायावर टिचकी, अगदी बारावीपर्यंत. "अम्मा, श्वास चालू आहे," तो डोळे न उघडता म्हणायचा. सेल्वी चिडवायची, "सुनेलाही शिकवशील ना?"

यंदा त्याला कोइमतूरच्या हॉस्टेलवर सोडायला गेले. खोलीत आणखी तीन पोरं. बॅग लावली, इनहेलर उशीपाशी ठेवला, तरी माझा पाय निघेना. इथं कोण बघणार, हे पोरांसमोर बोलवेना. गणेश पलंगावर आडवा झाला, मोजा काढला आणि पाय माझ्यापुढे केला.

"एकदा मार, अम्मा. तुझ्या बसला वेळ आहे."