मनगट धरणारे डॉक्टर

चेन्नई शहरात ज्यांच्याशी हस्तांदोलन करणे आजवर कोणालाही साधलेले नाही असे एकच गृहस्थ आहेत, आणि ते आमचे फॅमिली डॉक्टर होत. आपण हात पुढे करावा, तर त्यांची तीन बोटे आपला तळहात ओलांडून थेट मनगटावर स्थिरावतात आणि दृष्टी घड्याळाकडे वळते. विषय पाणीटंचाईचा असो वा नातीच्या विवाहाचा, नाडी मोजून होईपर्यंत उत्तर मिळत नाही. एका लग्नात वरपित्याने स्वागतार्थ हात दिला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मंडपातून बाहेर आणून खुर्चीवर बसवले आणि सांगितले, "पंगत राहू दे, आधी इस्पितळात चला." ते वरपिता आज नातवंडे खेळवीत आहेत. बसमध्ये तिकिटासाठी पुढे आलेला कंडक्टरचा हातही त्यांनी असाच धरून ठेवला होता; दोन थांबे मागे पडले तरी कोणालाच तिकीट मिळाले नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तर स्वतःचीच कथा सांगतात. "लग्नात भटजी म्हणाले, मुलीचा हात धरा. ह्यांनी नाडी धरली. आणि वर मला म्हणतात, भिऊ नकोस, जरा जोरात चाललीय एवढंच."

मी वेस्ट मांबलममधील एका सरकारी कचेरीच्या दाराशी टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. शाळा मला लवकर सोडावी लागली. तथापि तमिळ आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतील अर्जांच्या बाबतीत माझ्या लेखणीचा दबदबा आहे, आणि अधिकारी माझा मजकूर शेवटपर्यंत वाचतात, हे मी येथे नमूद करतो. म्हणूनच डॉक्टरांवर संकट आले तेव्हा काकू प्रथम माझ्याकडे आल्या. संकट असे होते की, ठराविक वर्षांनी प्रत्येक डॉक्टरला वैद्यकीय परिषदेकडे आपल्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी नव्या उपचारपद्धतींवरील व्याख्यानांना हजेरी लावावी लागते. नोंदणी संपली की रुग्ण तपासता येत नाहीत. आमचे डॉक्टर त्या व्याख्यानांसाठी शहराच्या टोकाला तांबरमपर्यंत जात. परंतु संध्याकाळचे रुग्ण ताटकळतील या धास्तीने दरवेळी मध्येच उठून परतीची गाडी पकडीत. हजेरीचे प्रमाणपत्र मात्र शेवटपर्यंत बसणाऱ्यांनाच मिळे. मुदत संपत आली आणि डॉक्टरांच्या गाठीशी एकही प्रमाणपत्र नव्हते.

मी माझ्या कारकिर्दीतील सर्वोत्तम अर्ज लिहिला. ज्यांच्या चरणांशी बसून वैद्यकशास्त्रानेच शिकावे, त्यांच्यावर शिकण्याची सक्ती करणे हा नियमाचाच अवमान होय. सबब त्यांना सूट मिळावी, अशी त्याची मांडणी होती. डॉक्टरांनी तो दवाखान्यात उभ्याउभ्याच वाचला.

"ह्यात कोण आहे रे?"

"आपणच."

"वारला काय हा माणूस?"

"सही करा, म्हणजे वाचेल," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ऐक बाबा. तांबरमला मी अर्धाच वेळ बसलो. तेवढ्यात कळलं, तुझ्या आईला खोकल्यासाठी मी जे देत होतो ते आता म्हाताऱ्या माणसांना देत नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन बदललं की नाही?"

"बदललंत."

"मग उरलेल्या अर्ध्यात काय होतं?"

मी लेखणीला टोपण लावले.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "हा तुझ्याकडे ठेव. दारावर चिकटवायला दोन ओळी लिही. नोंदणी होईपर्यंत दवाखाना बंद."

"अपरिहार्य कारणास्तव, असे घालतो."

"नको. आहे ते कारण लिही."

मुदत संपली आणि आमच्या वस्तीने एक अपूर्व दृश्य पाहिले. डॉक्टर दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंतवून फिरू लागले. देवळाच्या दाराशी कोणी सवयीने मनगट पुढे केले की ते घाईने नमस्कार करीत आणि हात पुन्हा पाठीमागे नेत. काकू म्हणत, "घरात माझीसुद्धा नाडी बंद आहे. चहा देताना कप लांबून घेतात." व्याख्यानांना मात्र ते पहिल्या रांगेत बसत आणि वक्ता निघून गेल्यावरच उठत. त्याच काळात मला ताप भरला, तेव्हा त्यांनी मला पुढच्या रस्त्यावरील तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेले आणि स्वतः बाहेर बाकावर बसले. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी फक्त विचारले, "दोन्ही बाजूंनी छाती तपासली का?" त्यांचे हात मांड्यांखाली दडपलेले होते.

अखेर एका सकाळी मी टेबलावर वाकून एका विधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज लिहीत असता माझ्या डाव्या मनगटावर तीन बोटे येऊन टेकली. नूतनीकरण झाले, हे मला कोणी सांगण्याची गरज उरली नाही. डॉक्टर घड्याळाकडे पाहत उभे होते.

"जोरात चाललीय," ते म्हणाले. "काळजी करत होतास काय?"

"कामाचा व्याप फार आहे," मी उत्तर दिले.

"बरं. पुढच्या वेळचा अर्ज तूच लिही. स्तुती कमी कर."

पुढची वेळ येईपर्यंत त्यांचे वय काय झालेले असेल, हा हिशेब मी केला नाही. एरवी त्यांची मोजणी लवकर आटोपते. त्या दिवशी ती बराच वेळ चालली, आणि समोर बसलेल्या बाईंनीही आपला अर्ज थांबल्याची तक्रार केली नाही.