रिठ्याचा फेस आणि आमच्या विहीणबाई

नववीतल्या नातीला शाळेनं झाडांतल्या रसायनांवर प्रयोग करायला सांगितला आणि तिनं रिठा निवडला. रिठा म्हणजे माझं राज्य. माहेर उमरेडचं, विणकरांचं. रेशीमकाठी लुगडं धुवायचं तर रिठ्याच्याच पाण्यात, आणि ते पाणी आई माझ्याकडूनच करवून घ्यायची. पण पोरगी विचारायला गेली कोणाला? विहीणबाईंना. त्या विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका, आठ दिवस लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे आलेल्या.

मी गहू निवडत बसले, कान तिकडे.

"फेस आणणाऱ्या द्रव्याला सॅपोनिन म्हणतात," विहीणबाई सांगत होत्या. "लॅटिनमध्ये साबणाला सापो म्हणतात, त्यावरून हे नाव."

नात टक लावून ऐकत होती. माझं असं कधी ऐकलं तिनं? जन्मभर तो फेस मी हातानं उपसला आणि त्याच्या नावाचं मूळ ह्यांना ठाऊक. मी जळले, खोटं कशाला सांगू.

मग विहीणबाईंनी रिठे फोडले. आतली काळी बी कुटून पाण्यात घातली, सालं टाकली कचऱ्याच्या डब्यात. फेस असतो सालीत. मला सगळं दिसत होतं. मी गहू निवडत राहिले.

बाटली हलवली, पाणी जसंच्या तसं.

"उद्या मॅडमले काय दाखवू?" नात रडवेली झाली.

"रिठेच जुने दिसतात," विहीणबाई म्हणाल्या.

रिठे मी आणलेले, एकेक पारखून. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. नातीच्या रडण्यानं नाही उघडलं, ह्याची आता लाज वाटते.

"सालं काहून फेकली? फेस सालीत राह्यते."

सालं काढून धुतली, गरम पाण्यात भिजवली. थोड्या वेळानं बाटली हलवली तर फेस बुचापर्यंत.

"आजी, तू तं मघापासून पाहून राहिली होती," नात म्हणाली. "काहून नाही बोलली?"

"गहू निवडून राहिली होती वं."

विहीणबाई हसल्या. "इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, पण रिठा कधी हातात घेतला नाही हो मी. बरं झालं तुम्ही होतात."

एवढं मोकळं बोलून त्या पुन्हा माझ्या पुढे गेल्या.

परवा लुगडं धुताना मी आपली पुटपुटले, सापो, सापो. नातीनं ऐकलं.

"कोणी शिकवलं वं आजी?"

"रिठ्यानं," मी म्हटलं. विहीणबाईंचं नाव काही तोंडातून निघालं नाही.