एप्रनमधली सफरचंदं

देवीला दिलेला शब्द आपल्या हातून राहतोय की काय, या धास्तीनं त्या सकाळी पुरण वाटतानाही माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लीड्सला यांचं हार्टचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा कॉरिडॉरमध्ये बसून मी नवस बोलले होते की हे घरी येऊ देत, येत्या अष्टमीला सवाष्ण जेवू घालीन, तिची ओटी भरीन, आणि ती जेवल्याशिवाय आम्ही कुणी घास घेणार नाही. हे बरे झाले. लेकीनं, मायानं, हौसेनं विंडरमियरजवळ वीकेंडला कॉटेज भाड्यानं घेतलं, नेमकं अष्टमीचंच. मी म्हटलं, तळ्याकाठी काय देवी नसते? खण, नारळ, पुरणयंत्र, सगळं गाडीत भरलं. सवाष्ण म्हणून मँचेस्टरची मैत्रीण यायची होती.

जेवणाच्या वेळेला तिचा फोन आला. गाडी मोटरवेवर बंद पडली होती, आज येणं काही जमणार नव्हतं. इकडे पानं वाढलेली आणि यांची जेवणानंतरची गोळी टेबलावर. माया चिडली. "आई, बाबाला भूक लागली आहे. देवी काय एवढी स्ट्रिक्ट आहे का?" तिचं चुकत नव्हतं, पण माझं मन काही केल्या वळेना. हे आपले "मला घाई नाही गं" म्हणत खिडकीतून तळं बघत बसले, चेहरा मात्र उतरला होता. मला रडूच आलं. सिंकपाशी उभी राहून देवीला म्हटलं, आई, माझी अक्कल संपली, आता तुझं तू बघ.

थोड्या वेळानं दार वाजलं. शेजारच्या शेतावरची बाई होती, साठीच्या पुढची, एप्रनच्या ओच्यात सफरचंदं घेऊन. चिखलाचे बूट न सांगता बाहेर काढून आत आली. "झाडं नुसती लगडलीत, घ्या थोडी." मी एकदम विचारलं, "तुमचे मिस्टर आहेत ना?" मायानं कपाळाला हात लावला. "आई, असं नाही विचारत!"

बाई हसली. "आहेत की, लव्ह. उन्हाळाभर अंथरुणाला होते. आज पहिल्यांदा मेंढ्यांकडे वर गेलेत. थँक यू कुणाला म्हणायचं कळेना, म्हणून दारोदार सफरचंदं वाटत सुटलेय."

मी तिला हाताला धरून टेबलाशी नेलं. पाट नव्हता, खुर्चीवरच बसवलं, तूप घालून पुरणपोळी वाढली. तिनं दुसरी मागून घेतली. मग हे जेवले, गोळी घेतली, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हळदकुंकू लावून मी म्हटलं, पदर पुढे करा. मायानं इंग्लिशमध्ये समजावलं, तशी तिनं तोच एप्रन दोन्ही हातांनी धरला. तांदूळ, खण, नारळ घालताना दोघींचेही डोळे भरले होते.

ती गेल्यावर माया टेबलावरच्या सफरचंदांकडे बघत राहिली. "आई, पण तिने आधी आपली ओटी भरली ना?"

मी सफरचंदांनाही हळदकुंकू वाहिलं. मी आपली सवाष्णीची वाट बघत होते, आणि देणारी माझ्याआधीच निघाली होती.