एकोणीस लाल बटणं

काजूकाकूला पाण्याच्या ऑफिसातून शिलाई मशीन मिळालं, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळच्या पहिल्या चहाआधी पोचली होती. ती म्हणे ऑफिसात पंख्याखाली बसली, समोर गल्लीचा नकाशा पसरला, बोट ठेवून ठेवून कुणाचा नळ कुठून आलाय ते कारकुनाला दाखवलं, वर त्यांचा चहा प्यायली, आणि बदल्यात नवंकोरं मशीन हातगाडीवरून घरी आलं. एवढ्या तपशिलासकट सांगितल्यावर कोण शंका काढणार? त्यात सांगणारा मी.

तर आधी दुरुस्ती. मशीन तिचंच होतं, वीस वर्षांचं. दुरुस्तीला गेलं होतं आणि दुकानदाराने परत पाठवताना त्याला नवीन प्लास्टिकची टोपी घातली होती, एवढंच. माझ्या आणि तिच्या घरात एकच भिंत. तिच्याकडे सुई पडली तर मी मान वळवतो, इतकी ती पातळ. मशीन परत आलं त्या दुपारी भिंतीपलीकडून तीच जुनी कुरकुर ऐकू आली. नवं मशीन असं कण्हत नाही. म्हणजे मला खरं काय ते माहीत होतं. तरी मी उलट सांगितलं. का सांगितलं, ते ओघात येईल; मी काही पळून जात नाही.

काजूकाकू हे नाव पोरांनी ठेवलेलं. ती शर्टांना काजं पाडते आणि बटणं लावते. कारखान्यातून गठ्ठा येतो, तिच्या दारात पडतो, आणि चार दिवसांनी बटणं लावून परत जातो. काजांवरून काजू. खऱ्या काजूशी तिचा संबंध आला असेल तर एखाद्या लग्नात. बाई किडकिडीत, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, तोंडात कायम दोन टाचण्या, त्यामुळे बोलणं दातांच्या फटीतून. पण कामात अभिमान असा की विचारू नका. बटण लावून झालं की दोऱ्याला दुहेरी गाठ मारायची आणि म्हणायची, कापड फाटेल, माझं बटण निघणार नाही. या फुशारकीची आम्ही पुष्कळ थट्टा केली. पुढे तिला स्वतःलाच ती महागात पडली.

आमच्या गल्लीत चौसष्ट घरं. एकवीस घरांत रीतसर नळ. बाकीच्यांचे अर्ज ऑफिसात अकरा वर्षं पिकत पडलेले. आता अर्ज पिकेपर्यंत माणसाने तहानलेलं राहायचं का? रस्त्याखालून मोठी पाइप जाते. एखाद्या प्लंबरला गाठून, दुपारच्या सामसुमीत तिला एक छोटा जोड द्यायचा, की घरात नळ. अशा नळाला आमच्याकडे ‘उसना नळ’ म्हणतात. चोरीचा असं कुणी कधी म्हटलं नाही, आणि मनातही आणलं नाही. मंजुरी येईपर्यंत उसना घेतलाय, आली की सरळ करून घेऊ, असा सगळा प्रामाणिक मामला. काजूकाकूकडे तोही नव्हता. समोर तिच्या धाकट्या जाऊबाईचं घर, तिथे उसना नळ. रोज सकाळी जाऊ रबरी नळी गल्लीतून आडवी टाकायची आणि काकूचं पिंप भरायचं. म्हातारी सासू जावेकडे, अंथरुणाला खिळलेली. काकू तिचे कपडे धुवायची आणि जाऊ पाणी द्यायची. दोघी दिवसभर एकमेकींना टोमणे मारायच्या आणि ती नळी मात्र एक दिवस चुकली नाही.

अशात गल्लीत ताई आली. वयाने आमच्या लेकींहून लहान, पण संस्थेतून आली म्हणून सगळ्यांची ताई. लोकांनी स्वतःचा प्रश्न स्वतः मांडला, स्वतःच्या शब्दांत मांडला, सगळ्यांनी मिळून मांडला, की वरच्यांना ऐकावं लागतं, असं तिचं म्हणणं. मुलगी गुणी होती, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या सभेत तिने सगळ्यांना बोलायला सांगितलं आणि कुणी बोलेना. आम्हाला कधी कुणी विचारलेलंच नव्हतं, सवय नव्हती. मग तिने मोठे कागद पसरले, पेनं वाटली, गल्लीचा नकाशा काढा म्हणाली. बायकांनी पेनं पदराखाली धरली. शेवटी काजूकाकू टाचण्या तोंडातून काढून म्हणाली, कागदावर माझा हात चालत नाही, चादर आणते.

आणि गल्ली शिवली तिने. जुनी पांढरी डबल चादर. निळ्या दोऱ्याने गल्ली, बोळ, कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ. प्रत्येक घराला एक बटण. रीतसर नळाला पांढरं, नळ नसेल तर काळं, आणि उसन्याला लाल. लाल बटणांना काय म्हणायचं यावर सभेत तासभर खल झाला, आणि सगळ्यांच्या तोंडचा शब्दच ठेवायचा असं ठरलं. ताईने तो वहीत लिहून घेतला: उसना. आपला शब्द वहीत गेला म्हणून बायका काय खूश झाल्या होत्या.

दोन महिने दुपारी चादर काकूच्या खोलीत पसरलेली असायची. घरटी एक बाई यायची, आपलं बटण निवडायची, आपल्या घराच्या जागेवर बोटाने धरायची, आणि काकू ते शिवून टाकायची. कोण कधी पाणी भरतं, कुणाची पाठ गेली, कुणाच्या मुलीची शाळा बुडते, सगळं त्या चादरीभोवती निघालं. भिंतीमुळे मीही हजर असल्यासारखाच. इतकी वर्षं मी या गल्लीच्या बातम्या पुरवतोय, पण त्या दोन महिन्यांत गल्लीने स्वतःबद्दल जे सांगितलं ते मलाही नवीन होतं.

जाऊ शेवटपर्यंत आली नव्हती. आली ती काळं बटण मुठीत घेऊन.

“हे लाव,” म्हणाली.

“तुझ्या नळाचं पाणी मी रोज पिते आणि काळं लावू?”

“उद्या काही झालं म्हणजे, वहिनी?”

“काय होतंय? सगळी गल्ली लावतेय. लपवलं तर आपल्याला किती कमी पडतं ते कळणार कसं त्यांना? खरं लाव.”

जावेने काळं बटण डब्यात टाकलं आणि लाल उचललं. काकूने दुहेरी गाठ मारली.

आमच्याकडून कुणी गेलं नाही म्हणून काकू आणखी दोघी-तिघींसह चादर आणि बटणांचा डबा घेऊन आली, तेव्हा दारात मीच होतो. माझाही नळ उसनाच, नऊ वर्षांचा. मी म्हटलं, पांढरं. काकूने आत मोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “नक्की ना, भाऊजी?” मी म्हटलं, म्हणजे काय. तिने पांढरं बटण काढलं आणि तिथेच उभ्याउभ्या टाकून दिले चार टाके. नऊ वर्षं आमची भिंत एक. माझा नळ बसवला तेव्हाची ठोकाठोक तिने ऐकली नसेल होय?

चादर पुरी झाल्यावर वीस बायकांनी ती चारी बाजूंनी धरून पाण्याच्या ऑफिसावर नेली. वाऱ्याने मध्ये फुगायची आणि बटणं उन्हात चमकायची. मी मागून चालत होतो आणि चेष्टाही करत होतो, पण खोटं कशाला सांगू, छाती भरून आली होती. मोठे साहेब खाली उतरून आले. इतकी अचूक माहिती आपल्या खात्याकडेसुद्धा नाही, असं म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब म्हणाले, ही इथेच राहू द्या, अभ्यास करतो. चादर ठेवून सगळ्या रिकाम्या हाताने आणि भरल्या मनाने परत आल्या.

पंधरा दिवसांनी ताई छापील अहवाल घेऊन आली. सभेत कौतुकाने वाचायला लागली. पांढरी बटणं: अधिकृत जोडण्या, बावीस. काळी बटणं: जोडणी नाही, तेवीस. लाल बटणं: अनधिकृत जोडण्या, एकोणीस.

काकूने वर पाहिलं आणि विचारलं, उसना कुठे गेला? ताई म्हणाली, अहवालाला नियमातले शब्द लागतात काकू, अर्थ तोच आहे. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण ज्याच्या पोटात चोर असतो त्याचे कान तिखट असतात. माझं पांढरं बटण त्या बाविसात सुखरूप बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात गेली ती पर्समध्ये ब्लेड घेऊन. कारकुनाला म्हणाली, एकदोन टाके सैल राहिलेत, नीट करून देते. कारकून भला माणूस, त्याने चादर काढून दिली, पंखा लावला, चहा मागवला. ती खाली बसून लाल बटणं उसवायला लागली. पण गाठी तिच्याच होत्या. ब्लेडचं टोक आत जाईना, आणि चादर तर कापायची नव्हती. दोन तासांत सात निघाली. तेवढ्यात कारकुनाच्या लक्षात आलं. तो रागावला नाही. म्हणाला, “काकू, काढा की हवी तेवढी. फोटो कधीच वर गेलाय.”

कुणीतरी तिला तिथे बसलेलं पाहिलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला माणसं आली. मुकादमाच्या हातात फोन, फोनवर चादरीचा फोटो. तो दोन बोटांनी फोटो मोठा करायचा आणि सांगायचा, डावीकडून चौथं लाल. कुणाला काही विचारावं लागलं नाही. घर चुकलं नाही. दुपारपर्यंत एकोणीस जोड तुटले. माझ्या दाराशी तो थांबला, फोटो पाहिला, पांढरं दिसलं, पुढे गेला. काकू तिच्या दारात उभी होती. माझ्याकडे पाहिलंही नाही तिने. तिने एक शब्द उच्चारला असता तर विसावा जोड तुटला असता.

ती आज नाही तर उद्या बोलेल, असं मला वाटत राहिलं. त्याआधी आपणच काहीतरी बोलून ठेवावं, म्हणजे मग तिचं कुणी ऐकणार नाही. त्यात ते मशीन हातगाडीवरून येताना दिसलं. आता कळलं ना का ते?

बातमी पसरली त्या संध्याकाळी जावेने रबरी नळी गुंडाळली, गल्ली ओलांडून आली आणि काकूच्या दाराच्या कडीला अडकवून गेली. ज्या दोघी वीस वर्षं एकमेकींना टोमणे मारत आल्या, त्यांच्यात आता टोमणाही उरला नाही. काकू सासूचे कपडे न्यायला गेली तर जावेने बोचकं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लोटलं. बाकीच्या सतरा-अठरा घरांनीही तेच केलं, फक्त जरा जास्त आवाजात. कोपऱ्यावरच्या नळाला रांग. जाऊ दोन बादल्या आणायची तोवर म्हातारी ओल्यात पडून.

आठवड्याने काकू माझ्या दारात आली. आमची ही स्वयंपाकघरात होती, तरी काकू आवाज न चढवता बोलली. “भाऊजी, तुमचं बटण पांढरं आहे ना? मग रोज चार बादल्या आमच्या सासूबाईंना पोचत्या करा. मी सांगितलं म्हणून सांगू नका, जाऊ घ्यायची नाही.”

तेव्हापासून रोज सकाळी मी समोर चार बादल्या टाकतो. जाऊ मला दुवा देते. म्हणते, गल्लीत एक माणूस तरी सरळ निघाला.

काळ्या बटणांचं काय झालं विचाराल, तर ती तेवीस घरं यादीत आहेत. यादी विचाराधीन आहे. एक सुधारणा मात्र झाली. एकोणीस जोड तुटल्यामुळे उरलेल्या नळांचा दाब वाढला. माझ्या नळाला आता अशी धार येते की बादली बघता बघता भरते.

परवा ताई पुन्हा आली. मी काकूच्या उंबऱ्याशी चहाच्या आशेने टेकलो होतो. ताईने फोनवर फोटो दाखवला: पाण्याच्या ऑफिसातून आणलेली चादर संस्थेच्या हॉलमध्ये, काचेच्या चौकटीत, खाली छापलेलं, ‘लोकांचा आवाज’. पाण्याचा दाब वाढला हे यशोगाथा म्हणून लिहिलं होतं. जोड तुटल्याचं ताईला खरंच वाईट वाटत होतं, डोळे भरले होते तिचे, असं व्हायला नको होतं म्हणाली. पण लोकांनी बोलणं थांबवलं तर आणखी वाईट होईल, हेही म्हणाली. पुढच्या महिन्यात संमेलन आहे, काकूंनी यावं, बोलावं. आणि आता गटारांचा प्रश्न घ्यायचाय. तशीच एक चादर, तशीच बटणं, सगळ्यांनी मिळून. तुम्ही म्हणालात तर बायका येतील, काकू.

मी मनात म्हटलं, आता ऐकायला मिळणार. फोटोत लाल बटणांच्या रांगेत सात जागा मोकळ्या होत्या, नुसती भोकं. काकूने त्यांच्यावरून बोट फिरवलं. मग दोरा दातांनी तोडला, फळीवरची पत्र्याची डबी काढली आणि ताईसमोर ठेवली. झाकण उघडलं.

“करू की चादर. ही सात लाल उरलीत माझ्याकडे. पहिली तुमच्या ऑफिसांची करू. आमचा फोटो कुठल्या कुठल्या टेबलावरून गेला, तिथे एकेक बटण धरा, मी शिवते. फक्त खरं लावा.”